चपलेच्या पट्ट्याची कोळंबी

माझ्या साडूंइतका नाकावर विसंबून जगलेला माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. तुम्हीआम्ही डोळ्यांनी बघतो, कानांनी ऐकतो आणि सर्दी होईपर्यंत आपल्याला नाक आहे हे विसरून जातो. साडूंचं सगळं उलटं. दार उघडलं की ते आधी हुंगायचे आणि मग ‘या’ म्हणायचे. लग्नानंतर बायकोला घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या डोंबिवलीजवळच्या कोपरच्या घरी गेलेलो, तेव्हा माझी-त्यांची ओळख अशीच झाली. त्यांनी दारातच श्वास आत ओढला, डोळे मिटले आणि म्हणाले, “कार्बन पेपर. शिक्क्याची जांभळी शाई. सरकारी नोकरी दिसतेय. आणि साडूभाऊ, निघण्याआधी कुठेतरी उभ्याउभ्या भजी खाल्लीत, ती बायकोला सांगितलेली नाहीत.” नोकरी सरकारीच होती. भज्यांचं बायकोला त्याच क्षणी कळलं. एवढ्या भांडवलावर आमचं जे जमलं, ते आजतागायत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहाडच्या बाजूला एक एसेन्सचा कारखाना होता, तिथे ते केमिस्ट होते. बिस्किटातला वेलचीचा, सरबतातला गुलाबाचा, उदबत्तीतला चंदनाचा, असे सगळे वास त्यांच्या टेबलावरून जगात जायचे. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा जिन्यातल्या बायका आज कारखान्यात काय शिजलं ते दार न उघडता सांगायच्या. अननसाच्या दिवशी पोरं त्यांच्या मागे लागायची. हिंगाच्या दिवशी जिना मोकळा असायचा. आमच्या ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, लग्नाआधी त्याच कारखान्यात पॅकिंगला होत्या. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत साडू त्यांच्या टेबलापाशी थांबले आणि विचारते झाले, “माफ करा, पण तुमच्या डब्यातून हा लिंबाच्या सालीसारखा आणि जीभ बधिर करणारा वास येतोय तो कशाचा?” ताई म्हणाल्या, “तिरफळाचा. बांगड्यात घालतात.” साडू देशावरचे, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, त्यांनी तिरफळही पाहिलं नव्हतं आणि बांगडाही. पण पुढचे सहा महिने ते रोज त्या टेबलापाशी थांबले आणि सातव्या महिन्यात त्यांनी ताईंशी लग्न केलं.

हे लग्न आमच्या सासऱ्यांना मान्य नव्हतं. सासरे, ज्यांना घरातले सगळे अण्णा म्हणायचे, मूळचे मालवणकडचे. कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेले आणि डोंबिवली पश्चिमेला दोन खोल्यांत राहिलेले. मुलीनं परस्पर लग्न ठरवलं, मुलगा देशावरचा निघाला, जातीबाहेरचा निघाला, हे सगळं त्यांनी एक वेळ गिळलं असतं. पण मुलगा मासे खात नाही हे कळल्यावर त्यांनी तोंडच मिटलं. सासूबाईंनी भांडून जावयाला घरात घेतलं, सणावाराला पानावर बसवलं, पण सासरे त्यांच्याशी एक अक्षर बोलत नसत. समोर बसून बोलायचे ते तिसऱ्याला. मी धाकटा जावई म्हणून त्या घरात शिरलो तेव्हा या अबोल्याला सहा-सात वर्षं झालेली, आणि तो तिसरा माणूस होण्याचं काम आयतंच माझ्या गळ्यात पडलं.

सासऱ्यांना जगात एकच नाद होता, गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जाण्याचा. दर रविवारी सकाळी भरतीची वेळ बघून ते कोपरच्या मागे खाडीवर जायचे आणि तिवरांच्या झुडपांमध्ये एका दगडावर बसायचे. काठी वगैरे नाही. तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या तारेची, दोरी थेट बोटावर, टोकाला गळ आणि गळाला जिवंत कोळंबी. वाट बघायची ती जिताड्याची. जिताडा हा खाडीतला राजा मासा, जिवंत आणि हलणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालणारा. मेलेल्या तुकड्याकडे तो ढुंकून बघत नाही. “कोळंबी मेली की संपलं,” सासरे म्हणायचे. “जिताड्याला फसवता येत नाही.”

साडूंनी ठरवलं की सासरे जिथे बसतात तिथे आपण बसायचं. “घरात बोलत नाहीत, ठीक आहे,” ते मला म्हणाले. “पण चार तास पाण्याकडे बघत बसलेला माणूस कधीतरी शेजाऱ्याशी बोलेलच की नाही, साडूभाऊ?” हा हिशेब बरोबर निघाला, सासरे बोलले. पण माझ्याशी. कारण साडूंनी मलाही ओढत नेलेलं. दगडावर सासरे, त्यांच्या शेजारी मी आणि माझ्या शेजारी साडू, अशी आमची रांग. दोघांमध्ये दोन हातांचं अंतर, आणि त्या अंतरात मी. “त्यांना सांगा, सावली पाण्यात पडतेय,” सासरे मला सांगायचे. मी वळून साडूंना सांगायचो, “सावली पाण्यात पडतेय.” साडू मागे सरकायचे आणि म्हणायचे, “अण्णांना सांगा, सरकलो.” मी वळून सांगायचो, “सरकले.” सासऱ्यांनी ते ऐकलेलंच असायचं, पण मी सांगेपर्यंत ते मान हलवत नसत. मला माशांत काडीचा रस नव्हता. ठाण्याहून रविवारी पहाटे उठून मी या कामासाठी येत होतो हे माझ्या कचेरीत कुणाला खरं वाटलं नसतं.

पहिल्याच रविवारी साडूंची पंचाईत झाली. खाडीवर एक म्हातारा कोळी छोट्या होडीतून जिवंत कोळंबी विकायचा. साडूंनी त्याच्याकडून मूठभर घेतली, एक उचलली, गळ हातात धरला आणि थांबले. बराच वेळ थांबले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “ती बघतेय हो माझ्याकडे.” आणि एकेक करून सगळ्या कोळंब्या त्यांनी हलक्या हातानं खाडीत परत सोडल्या, शेवटचीला तर ‘जा’ असंही म्हणाले. सासरे दोरीवरची नजर न हलवता मला म्हणाले, “त्यांना विचारा, मासे धरायला आलेत की कोळंब्या सोडवायला?” साडू म्हणाले, “अण्णांना सांगा, सवय होईल.” सवय झाली नाही.

मग त्यांना वाटलं, कोळंबीला डोळे असतात ही अडचण आहे, गांडुळाला नसतात. सासऱ्यांच्या नकळत सराव करावा म्हणून ते खडवलीला नदीवर जाऊ लागले आणि त्यासाठी घरी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गांडुळं पाळू लागले. पाळू लागले असंच म्हणायला हवं, कारण गळाला लावण्याचा धीर त्यांना तिथेही होईना, आणि बरणीतल्या मंडळींना मात्र चहाचा चोथा, केळ्याची सालं असा खुराक चाललेला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका शेजारणीनं मदत करावी म्हणून तिळगुळाची बरणी समजून ती उघडली. त्या किंकाळीनंतर ताईंनी कंबरेवर हात ठेवून नियम घातला, “या घरात जिवंत फक्त आपण चौघं. पाचवं काही दिसलं तर पहिले तुम्ही बाहेर.” चौघं म्हणजे ते दोघं आणि त्यांच्या दोन मुली.

दुसरा कुणी असता तर त्यानं गरवायचा नाद सोडला असता. साडू त्या रात्री शांतपणे जेवले आणि म्हणाले, “म्हणजे निर्जीवच करायला पाहिजे. निर्जीव, पण वास जिवंत.” त्यांचं म्हणणं असं की खाडीचं पाणी इतकं गढूळ, की मासा बघतो कुठे? तो हुंगतो. आणि हुंगणाऱ्याला कसं फसवायचं हे आपल्याइतकं कुणाला कळतं? “साडूभाऊ, आख्ख्या देशाला मी वर्षानुवर्षं वेलची न घातलेलं बिस्कीट वेलचीचं म्हणून खाऊ घालतोय. जिताडा काय त्याहून शहाणा?”

पहिला बळी गेला तो धाकट्या मुलीच्या सेंटेड रबराचा. त्या दिवसांत शाळेत स्ट्रॉबेरीच्या वासाची खोडरबरं म्हणजे पोरींचा जीव की प्राण. साडूंनी एक पळवलं, ब्लेडनं कोरून त्याची कोळंबी केली आणि खाडीत टाकली. एका खेकड्यानं ती नांगीत धरून पाहिली आणि सोडून दिली. मुलगी मात्र दोन दिवस रडत होती. मग मेणबत्ती झाली, ती उन्हात वाकली. सायकलची ट्यूब झाली, तिला स्वतःचाच इतका वास की दुसरा चढेना. शेवटी त्यांना हवा तो माल सापडला: रबरी चपलेचा पट्टा. मऊ, लवचिक, कापला की शेपटीसारखा थरथरणारा, आणि वास पिऊन घेणारा. साडू आल्यागेल्याच्या पायांकडे असे बघू लागले की कोपरच्या त्या इमारतीत लोकांनी दाराबाहेर चपला काढणं बंद केलं. एकदा गप्पा मारतामारता मला म्हणाले, “तुमचा उजवा पट्टा तसा झिजलाच आहे, नाही?” मी पाय पोटाशी घेतले.

वासांचे प्रयोग तर विचारू नका. केवडा लावला त्या रविवारी खाडीवर कुणाची तरी बिर्याणी शिजत असल्यासारखं वाटत होतं. वेलची लावली, लसूण लावला, बडीशेप लावली. एका वहीत ते नोंदी ठेवायचे. ती वही मी वाचलीय. ‘गुलाब: कोणी नाही. हिंग: होडीवाला लांबून गेला. बडीशेप: काहीतरी जवळ आलं, विचार केला, गेलं.’ त्या बडीशेपेपाशी मात्र त्यांनी दोन रेघा ओढलेल्या. “विचार केला!” ते म्हणायचे. “म्हणजे दिशा बरोबर आहे.”

राहिलेली अर्धी दिशा त्यांना सापडली ती घरच्या कुकरमध्ये. एका शनिवारी ताई बाजारात गेल्या असताना साडूंनी जन्मात पहिल्यांदा सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, विकत आणला, नाकाला रुमाल न बांधता कुकरमध्ये शिजवला, त्याच्या शिट्टीला नळी लावून वाफ गार केली आणि नळीच्या टोकाशी जमलेल्या वाटीभर अर्कात बडीशेपेचे थेंब घातले. शाकाहारी घराण्यातला तो गृहस्थ त्या वासात तीन तास उभा होता. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. ताई परत आल्या तेव्हा आपली खैर नाही असं समजून साडू स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभे राहिले. ताई दारातच थबकल्या. पिशवी खाली ठेवली. आणि म्हणाल्या, “अगबाई, घराला आज माहेरचा वास आलाय.” दुसऱ्या दिवशी साडू खिशात सहा रबरी कोळंब्या घालून खाडीकडे निघाले, तेव्हा त्यांच्या मागे कोपरमधली नऊ मांजरं शिस्तीत चालत होती. मी नाक्यावर भेटलो, तर साडूंचा चेहरा मिरवणुकीतल्या नवरदेवासारखा फुललेला. “मांजर फसलं, साडूभाऊ,” ते म्हणाले. “आता मासा किती लांब?”

मासा लांबच होता. त्या दिवशी नाही, पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मासे जवळ यायचे, दोरीला हळूच नाक लावून जायचे, पण तोंडात घेत नव्हते. होडीतला म्हातारा कोळी येताजाता थांबायचा आणि विचारायचा, “शेट, चपलीनं मासा मारताव? मासा काय येरा हाय का चपली खायाला?” येरा म्हणजे वेडा, आणि म्हाताऱ्याच्या नजरेवरून दिसायचं की त्या खाडीत येरा कोण आहे याविषयी त्याचं मत पक्कं झालेलं आहे. सासरे काही म्हणत नसत. फक्त एकदा मला म्हणाले, “त्यांना सांगा, त्यांची कोळंबी मेलेल्यासारखी बसते.”

मीही एकदा वैतागलो. “साडू, तुम्ही मासा खात नाही. तुम्हाला तो मारवतही नाही. अण्णा बोलायचे नाहीत ते नाहीत. कशाला हे सगळं?”

साडूंनी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाले, “अण्णांच्या बोटांना टिंक्चरचा वास येतो.”

मला कळेना.

“दर रविवारी. आधी अधूनमधून यायचा, आता दर रविवारी येतो. त्यांचे हात कापतात, साडूभाऊ. कोळंबी गळाला लावताना गळ बोटात घुसतो. ते आपल्याकडे पाठ करून लावतात म्हणून तुम्हाला दिसत नाही. घरी जाऊन गुपचूप टिंक्चर लावतात. गेल्या महिन्यात दोन रविवार आले नाहीत, पाणी चांगलं नाही म्हणाले. पाणी चांगलं होतं.” त्यांनी खिशातली रबरी कोळंबी काढून तळहातावर ठेवली. “ही एकदा घरी सावकाश गळाला लावली की झालं. पळत नाही, वळवळत नाही, मरत नाही. शंभरदा टाका. ही मी माझ्यासाठी नाही करत.”

ज्या हातांनी आयुष्यभर सुताइतका फरक बोटांनी ओळखला, ते हात कापतात हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोला नाही, सासूबाईंना नाही. आणि ज्या माणसाशी ते बोलत नव्हते त्याला ठाऊक होतं.

त्यानंतरच्या एका रविवारी, दिवाळी होऊन गेल्यावर, सासरे बऱ्याच दिवसांनी खाडीवर आले. सकाळचं ऊन, भरती चढत होती, पलीकडे रेतीच्या होड्या निघालेल्या. सासऱ्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि कोळंबी लावायला घेतली. पहिली निसटून चिखलात गेली. दुसरी गेली. तिसऱ्या वेळी त्यांच्या तोंडून बारीक आवाज आला आणि त्यांनी बोट तोंडात घातलं. मातीच्या मडक्यात होती तेवढी कोळंबी एकेक करून गेली, आणि म्हाताऱ्या कोळ्यानं होडीतून हात हलवून सांगितलं की आज आणखी नाही. सासरे दोरी गुंडाळायला लागले. त्यांच्या मानेवरून मला कळलं की ते आता परत येणार नाहीत. या रविवारपुरतं नव्हे, कधीच.

साडूंनी गळाला लावून तयार असलेली एक रबरी कोळंबी माझ्यासमोरून हात लांब करून त्यांच्या दगडावर ठेवली.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “त्यांना सांगा, पायातली वस्तू मी गळाला लावत नाही.”

“अण्णांना सांगा,” साडू म्हणाले, “ही पायात घातलेली नाही. नवीन जोड आणलाय.”

मी दोन्ही निरोप पोचवले. मग सासऱ्यांनी ती कोळंबी उचलली, नाकाशी नेली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. त्यांनी ती पुन्हा हुंगली. दोरीला बांधायला मला दिली, कारण गाठ त्यांच्यानं होणार नव्हती, आणि मग जुन्या सवयीनं एका झोकात तिवराच्या मुळांपाशी बरोबर टाकली.

आता जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. साडूंची दोरी त्यांच्या भक्कम हातात काठीसारखी ताठ होती. सासऱ्यांची दोरी थरथरत होती. ते हात स्थिर धरायला बघत होते, दुसऱ्या हातानं मनगट दाबत होते, पण ती बारीक थरथर थांबत नव्हती. बोटावरून दोरीत, दोरीवरून पाण्यात उतरत होती. आणि खाली, गढूळ पाण्यात, चपलेच्या पट्ट्याची ती कोळंबी आयुष्यात पहिल्यांदा जिवंत झाली असली पाहिजे. साडूंनी हे माझ्याआधी पाहिलं. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. “हलतेय,” ते पुटपुटले, “साडूभाऊ, ती हलतेय...”

आणि पाणी फुटलं. दोरी सासऱ्यांच्या बोटातून करकरत सुटली, पलीकडे चांदीच्या ताटासारखं काहीतरी हवेत उलटं होऊन पडलं आणि तिवरं हादरली. सासरे दगडावरून उठून उभे राहिले. दोरी सोड, ओढ, सोड, ओढ; सत्तरीतला माणूस तिशीतला झाला. मासा मुळांकडे पळायचा, ते त्याला वळवायचे. पंधरा मिनिटं झाली असतील, किंवा पाच. मला सांगता येणार नाही. मासा काठाशी आला. हातजाळं साडूंकडे होतं, ताईंच्या भाजीच्या नायलॉनच्या पिशवीचं, वेताच्या कडीला बांधलेलं. पण साडू ते छातीशी धरून, तोंड उघडं टाकून, नुसते सासऱ्यांकडे बघत उभे.

सासरे वळले. माझ्यावरून पलीकडे, थेट साडूंकडे बघून गरजले, “मेल्या, बगतंस काय? जाळा घाल! जाळा घाल खाली!”

साडूंनी चिखलात उडीच घेतली. गुडघ्यापर्यंत रुतले, एकदा पडले, उठले, आणि पिशवी माशाखाली घालून दोन्ही हातांनी वर उचलली. हातभर लांबीचा जिताडा. काठावर आल्यावर साडूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मला ओरडून सांगत होते, “मेल्या म्हणाले! साडूभाऊ, मला मेल्या म्हणाले!” हे ज्यांना कळणार नाही त्यांना सांगतो: आमच्या सासरी मेल्या फक्त पोटच्या पोराला म्हणायचे. मी सगळ्यांचा लाडका धाकटा जावई. मला शेवटपर्यंत ‘जावईबापू’च म्हणत राहिले. त्या क्षणी मला साडूंचा थोडा हेवा वाटला, हे आज कबूल करायला हरकत नाही.

म्हातारा कोळी होडी वल्हवत आला. त्यानं जिताड्याच्या जबड्यातून ती रबरी कोळंबी काढली, उलटसुलट केली, हुंगली. बराच वेळ हुंगली. मग साडूंकडे बघून अगदी अदबीनं म्हणाला, “शेट, यातल्या दोन मना देताव?” साडूंनी खिशात उरलेल्या चारही देऊन टाकल्या.

सासऱ्यांनी मासा स्वतः उचलला आणि डोंबिवलीच्या बाजारातून, गरज नसताना लांबचा रस्ता धरून, घरी नेला. ओळखीचं कुणी भेटलं की थांबायचे. “केवढा हो अण्णा! कशावर लागला?” असं विचारलं की सासरे छाती पुढे काढून म्हणायचे, “आमच्या थोरल्या जावयानं कोळंबी बनवलीय. कारखान्यात असते तसली.” साडू दोन पावलं मागे, नखशिखान्त चिखलात, देवाच्या पालखीमागून चालावं तसे चालत होते. दुपारी सासूबाईंनी तिरफळ घालून कालवण केलं. सगळे जिताड्यावर तुटून पडले. साडू वरणभात जेवत होते. सासरे आपलं पान उचलून त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि कापत्या हातानं त्यांच्या भातावर तूप वाढलं. थोडं पानाबाहेर सांडलं.

साडू म्हणाले, “अण्णा, आज कळलं मला. वास बरोबर होता. पण माझा हात स्थिर आहे, म्हणून माझ्या गळाला मासा येत नव्हता. तुमचा हात...” आणि ते थांबले.

सासरे आपल्या हाताकडे बघत म्हणाले, “कापतो. कापतो असं म्हण की. मी इतकी वर्षं बोललो नाही, म्हणून आता तू गप्प बसायचं ठरवलंयस काय?”

त्यानंतरची पाच वर्षं त्या दोघांनी खाडी गाजवली. लोक कोळंब्या मागायला साडूंच्या दारी यायचे. साडू अर्क कधी पातळ, कधी दाट करायचे, सासरे टाकून बघून त्यात खोट काढायचे, आणि त्यावरून दोघं तासन्‌तास भांडायचे. सासूबाई म्हणायच्या, पूर्वीचं बरं होतं, घरात शांतता तरी असायची. मग एका हिवाळ्यात सासरे अंथरुणाला खिळले आणि फार त्रास न देता गेले. खाडीचं पाणीही त्याच सुमारास बदलत गेलं. काळपट झालं, जिताडा कमी दिसू लागला. शहाडचा कारखाना बंद पडला, साडूंना गुजरातेत नोकरी मिळाली आणि त्यांचं बिऱ्हाड तिकडे गेलं. तिथे नदी आहे, पण ते कधी गरवायला गेले नाहीत. विचारलं तर म्हणतात, वेळ होत नाही.

आता ठाण्याच्या बाजारात कधीतरी जिताडा येतो. माझी बायको टोपलीपुढे थांबते, मीही थांबतो, आणि बहुतेक वेळा आम्ही घेतोच. संध्याकाळी मी खाली जाऊन एसटीडी बूथवरून साडूंना फोन लावतो. केवढा होता, कुठून आलेला, डोळे कसे होते, हे सगळं ते बारकाईनं विचारतात. कधीही न खाल्लेल्या त्या माशाची चव कशी होती हेही विचारतात, आणि मी सांगत असताना मधे काही बोलत नाहीत. मग जरा वेळानं, अगदी हळू आवाजात, विचारतात, “अण्णांना आवडला असता का हो?” मी हो म्हणतो. बूथवाला मुकाट्यानं दुसरीकडे बघत असतो, आणि आम्ही दोघंही आणखी थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवतो.